डाक्टरचं घर

गावाला निघायचं म्हटलं की शिला आधी गोळ्यांची पिशवी भरायची आणि मग कपड्यांची. तापाच्या गोळ्या, पित्ताच्या गोळ्या, जुलाबावर पाण्यात घालायच्या पुड्या, आणि म्हाताऱ्यांसाठी त्या लालभडक ताकदीच्या गोळ्या, ज्यांनी कुणाचं फार भलं झालं नसेल, पण वाईटही झालं नव्हतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून हा नेम होता. नर्स ती, नवरा प्रेमानंद पाटबंधारे खात्यात क्लार्क, आणि गावात डाक्टर म्हणायचे ते नवऱ्याला. या उलट्या कारभाराचं तिला आधी हसू आलं होतं, मग राग आला होता, आणि आता तिनं तो घरातल्या गळक्या नळासारखा सोडून दिला होता.

आज आश्विन पौर्णिमा. गावच्या विहारात वर्षावासाचा समारोप होता. पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात धम्माचा ग्रंथ वाचला जायचा आणि या वर्षी वाचणारी होती सपना, प्रेमानंदच्या मोठ्या भावाची, दिगंबरची पोरगी. दहावीला होती. आज शेवटचं पान, मग भोजनदान, मग सत्कार. पोराची सहामाही परीक्षा म्हणून त्याला शिलाच्या आईकडं ठेवून दोघं नवरा-बायको नांदेडहून हिंगोलीच्या गाडीत बसले होते. पण प्रेमानंद काही ग्रंथ ऐकायला निघाला नव्हता. तो सपनाला मागायला निघाला होता.

बेत त्याचा पक्का होता. दिवाळी झाली की पोरीनं नांदेडला त्यांच्या घरी यायचं. नाव गावच्या शाळेत राहील, दहावीची परीक्षा ती तिथूनच देईल, पण शिकायचं नांदेडात. आत्तापासून फाउंडेशनचा क्लास, मग अकरावी सायन्स, मग नीटची प्रवेशपरीक्षा, मग मेडिकल. क्लासच्या सरांशी तो आठवडाभर फोनवर बोलत होता. शिलाला त्यानं विचारलंही होतं. तिनं होकार दिला नव्हता, नकारही दिला नव्हता, आणि पाईकरावांच्या घरात सुनेनं न दिलेला नकार म्हणजे होकारच धरला जातो. तिच्या रात्रपाळ्या, दोन खोल्यांचं घर, पोरीच्या डब्याचं कोण बघणार, हे सगळं तिच्या पोटात राहिलं.

वारंगा फाटा गेला तरी प्रेमानंद एका जागी नीट बसेना. फोन काढायचा, बघायचा, खिशात ठेवायचा, पुन्हा काढायचा. बाळापूरला उतरून ऑटोत बसल्यावर तो म्हणाला, बा आज माईकवर सांगणार आहेत, सपना डॉक्टर व्हायला नांदेडला चालली म्हणून. भंतेजींशीही बोलून झालं आहे. सांगताना त्याचा चेहरा खुलला होता, पण हात मात्र गुडघ्यावर तबला वाजवत होता. माईकचं नाव शिलाला नको होतं, कारण या घरात माईकवर बोललेलं काय होतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं.

तो किस्सा वस्तीत सगळ्यांना तोंडपाठ. प्रेमानंद दहावीला केंद्रात पहिला आला, त्या वर्षीच्या समारोपाला त्याच्या बापानं, सटवाजीनं, माईक हातात घेतला आणि भरल्या विहारात सांगून टाकलं की माझा पिरमा डाक्टर होणार. वस्तीतून दहावीच्या पुढं जाणारेच तेव्हा मोजके. लोकांनी टाळ्यांनी विहार डोक्यावर घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा दात घासत बाहेर आला तर शेजारची चंदाबाई पाय पुढं करून उभी, डाक्टर, हा गुडघा बघ म्हणून. तेव्हापासून तो डाक्टर. पुढं बारावीला मार्क कमी पडले, वर्ष पुन्हा दिलं तरी कमीच पडले, मग बीएस्सी, मग खात्यातली नोकरी. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. घरालाही लोक डाक्टरचं घर म्हणायला लागले. बाहेरगावचा कुणी पाहुणा पत्ता विचारीत आला तर त्याला तसंच सांगायचे. बिचारा पाहुणा दारावर पाटी शोधायचा.

ऑटो वस्तीच्या कमानीशी थांबला आणि चंदाबाई ओट्यावरूनच म्हणाली, "आला का माझा डाक्टर." प्रेमानंदनं हसून जयभीम घातला, तिच्याशेजारी टेकला, कुठं दुखतं ते विचारलं, आणि शिलाच्या हातातल्या पिशवीतून पित्ताच्या गोळ्यांची पट्टी काढून दिली. छातीत जळजळ थांबली नाही तर बाळापूरच्या सरकारी दवाखान्यात दाखवायचं, हे दोनदा बजावलं. ते तो नेहमीच बजावायचा. त्या बाबतीत त्याला नावं ठेवायला जागा नव्हती.

घरात पाय ठेवला तर स्वयंपाकघरात वाफ आणि बायका. भोजनदानाची खीर या वर्षी पाईकरावांकडं होती. मोठी जाऊ नीलाबाई, सपनाची आई, चुलीपुढं बसून गुळाचा खडा फोडत होती आणि सासू कमलबाई भिजवलेले गहू चाचपून पाहत होती. शिला पदर खोचून बसली आणि हाताला काम घेतलं. घटकाभर खिरीचंच बोलणं झालं. मग कमलबाई, पातेल्यातून नजर न काढता, नांदेडच्या घरात पाणी दिवसाआड येतं का रोज, हे विचारायला लागली. मग रात्रपाळी किती असते. मग रात्रपाळीला घरात कोण असतं. शिला समजली. सासूला पोरगी पाठवायची नव्हती. आपलं लेकरू आपल्या डोळ्यापुढं बरं, असं ती अखेर म्हणालीच, आणि शिलाला ते लागलं. सख्ख्या धाकट्या लेकाचं घर यांना परकं कधीपासून झालं, असं तिच्या जिभेवर आलं होतं.

नीलाबाईचं उलट. तिला पोरगी पाठवायची होती, आणि पाठवायला जीवही होत नव्हता. गावातल्या शाळेत विज्ञानाला सहा महिने मास्तर नाही, हे तीच सांगत होती. त्यापायी बाळापूरला शिकवणीला जाऊन-येऊन पोरगी थकून जाते, हेही तीच. आणि गेली तर घर खायला उठेल, हेही तिचंच. सासू पाण्याला उठली तशी ती शिलाच्या कानाशी आली.

"भाऊजीचा फोन आला तवापासून लेकरू नीट जेवंना. रात्री उठून बसती. काय होऊन राहिलं म्हणलं तर काही न्हाई म्हणती. तुमी विचारून पाहा, शिला. माझ्यापाशी ती बोलत न्हाई."

"जायला न्हाई म्हणती का?"

"न्हाई म्हणत न्हाई अन् हो बी म्हणत न्हाई. तेच तर."

शिलाला सपना परसात सापडली. दोरीवर पांढरी साडी वाळत घालत होती, संध्याकाळी नेसायची. वाळत घातलेली साडी ती पुन्हा काढायची, झटकायची, पुन्हा घालायची. काकूला पाहून हसली, जवळ आली, पण शिलानं नांदेडचं नाव काढताच तिनं विषय खिरीवर नेला. पोरगी मोठी हुशार. शिलानंही मग ताणलं नाही.

दुपारी जेवणं झाली आणि सटवाजीनं सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. म्हातारा बाजेवर बसला होता, अजून ताठ. दिगंबर सोयाबीनच्या मळणीवरून तसाच आला होता, अंगावर भुसा, खांबाला टेकून डोळे मिटायच्या बेतात. दुसऱ्याच्या यंत्रावर दिवसभर उभं राहून त्याच्यात वाद घालायचं बळ उरलेलं नसायचं आणि घरातल्या वादात तो कधी पडतही नसे. बायका दाराशी बसल्या. सपना मधे, फरशीवर.

प्रेमानंदनं सगळं नीट मांडलं. बोलायला तो चांगला होता. क्लास कसा आहे, तिथं कुठकुठली पोरं येतात, आठवीपासून तयारी कशी चालू असते, दहावी म्हणजे उशीरच झाला आहे पण पोरगी हुशार आहे तेव्हा भरून काढेल. सटवाजी मान डोलवत राहिला आणि शेवटी म्हणाला की ठरलं मग, संध्याकाळी सांगतो. कमलबाईनं लेकराला तकलीफ होईल असं काहीतरी पुटपुटलं, त्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

"आबा," सपना म्हणाली. "मला कुणी विचारलं न्हाई."

सटवाजी हसला. "बरं, विचारतो. काय व्हायचं तुला?"

"मला अजून माहीत न्हाई."

पोरीनं डॉक्टर नको, वकील व्हायचं म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. कलेक्टर म्हटलं असतं तर सटवाजी खूशच झाला असता. पण माहीत नाही, या उत्तराशी भांडायचं कसं?

प्रेमानंद तिच्यापुढं सरकून बसला. आवाज त्यानं मऊच ठेवला होता. "या वयात कुणालाच माहीत नसते, बाळा. म्हणून तर घरात मोठी माणसं असतेत. तू माहीत होईस्तोवर थांबशील अन् तोवर तिकडची लेकरं पुढं निघून जातेत. ते कुणी तुझ्यासाठी थांबणार न्हाईत."

"व्हय, काका. ते बराबर हाय." तिनं खरंच विचार करून मान हलवली. "मी अभ्यासाला न्हाई म्हणत न्हाई. गणित आवडते मला. इतिहास बी आवडते. विहारात वाचून दाखवते ते तर लईच आवडते. त्याच्यातून काय होते ते मला अजून दिसून न्हाई राहिलं, एवढंच."

"बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे," सटवाजी म्हणाला.

"मी बी करीन, आबा. पण त्यांचं काय व्हायचं ते आधी कुणी माईकवर सांगितलं नव्हतं."

दिगंबरनं डोळे उघडले. नीलाबाईनं दाराशी बसून पोरीला खुणावलं, पुरे म्हणून. पण तीन महिने भरल्या विहारापुढं बसून वाचलेली पोरगी ती, एकदा सुरू झालेलं वाक्य अर्ध्यात सोडायची सवय तिची मोडली होती. ती काकाकडं वळली. तिच्या तोंडावर उद्धटपणा नव्हता. असता तर फार सोपं झालं असतं.

"काका, राग येऊ देऊ नका. तुमाला इथं सगळे डाक्टर म्हणतेत. तुमाला कसं वाटते?"

इतक्या वर्षांत हे या घरात कुणी विचारलं नव्हतं. बापानं नाही, भावानं नाही, आणि शिलानंही नाही, हे शिलाला त्याच क्षणी उमगलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. गोळ्या भरून देत राहिले, पण विचारलं नाही. प्रेमानंद हसला. जसा तो कमानीशी हसायचा तसाच.

"काही न्हाई वाटत. सवय हाय," तो म्हणाला आणि पाणी प्यायला जावं तसा उठून बाहेर पडला.

मागं ओसरीवर कल्ला उठला. नीलाबाई पोरीवर तुटून पडली, भाऊजीचा मान ठेवायचा का नाही म्हणून. आत्तापर्यंत न पाठवायच्या बाजूची कमलबाई एकदम उलटली आणि हे असं फाटकं तोंड घेऊन गावात राहण्यापेक्षा नांदेडलाच गेलेली बरी म्हणायला लागली. दिगंबर एवढंच म्हणाला की पोरीनं वाईट काय विचारलं, आणि तो बोलला याचंच नवल वाटून बायकोनंसुद्धा वळून पाहिलं. शिला उठली आणि नवऱ्याच्या मागं गेली.

तो विहाराच्या मागच्या अंगाला सापडला, बाभळीखालच्या दगडावर. पुढं मांडवात पोरं माईक तपासत होती, हॅलो हॅलो, आवाज येऊन राहिला का, आणि दरवेळी प्रेमानंदचा खांदा जरासा उडत होता. शिला त्याच्याशेजारी बसली. बराच वेळ तो पोरीच्या जिभेबद्दल बोलला. लाडानं बिघडली, दादाचा धाक नाही, आम्ही बापापुढं असं बोललो असतो का. शिलानं बोलू दिलं. सिस्टर म्हणून इतकी वर्षं काढल्यावर तिला एवढं कळत होतं की दुखण्याच्या जागेवर माणूस सगळ्यात शेवटी बोट ठेवतो.

मग तो थांबला आणि वेगळ्याच आवाजात बोलायला लागला.

"बारावीचा निकाल लागला ना, तवा मी नांदेडहून निघालो अन् बाळापूरच्या स्टँडवर उतरलो. उतरलो अन् पुढच्या गाडीनं परत नांदेडला. गावात यायची हिंमत न्हाई झाली. पुन्हा वर्षभर घासलं, पुन्हा तेच. शेवटी आलो. म्हणलं आता हसतेत लोक, हसू दे, एकदाचं होऊन जाऊ दे. कुणी हसलं न्हाई, शिला. सगळे म्हणले, आला डाक्टर. कुणी तरी हसलं असतं तर बरं झालं असतं."

"मग तेच पोरीच्या गळ्यात काहून बांधता?"

"ती माझ्यापेक्षा हुशार हाय. ती होईल."

"अन् न्हाई झाली तर?"

पुढं पोरांनी माईकवर गाणं लावून बघितलं आणि बंद केलं. शिलाला वाटलं, हा माणूस पुतणीला मोठं करायला निघालाय हे खरं, आणि त्याला आपल्या मानेवरचं जू कुणाच्या तरी मानेवर द्यायचंय हेही खरं, आणि दोन्ही त्याच्यात असं मिसळलंय की त्याचं त्यालाही निवडता यायचं नाही. तिला त्याच्यावर माया आली. दुपारपर्यंत तिला पोरगी घरात नको होती, रात्रपाळ्यांपायी. आता तिला ती हवी होती.

"सपनाला नांदेडला आणा," ती म्हणाली. "माझ्या घरात आणा, मी पाहते तिचं. सायन्स घेऊ द्या न्हाई तर दुसरं काही. क्लास बी लावा. पण डाक्टर म्हणून आणू नका. नुसती सपना म्हणून येऊ द्या."

ऊन उतरलं तसे ते घरी आले. सटवाजी आतल्या खोलीत धुतलेलं पांढरं धोतर नेसत होता आणि कमलबाई त्याला सदऱ्याची बटणं लावून देत होती. म्हाताऱ्याची बोटं आता बटणाला दाद देत नव्हती. प्रेमानंद उंबऱ्यात उभा राहिला. शिला त्याच्यामागं होती, जाऊ की थांबू या विचारात, आणि तो बोलला तेव्हा ती थांबली.

"बा, आज माईकवर सांगू नका."

"काहून? भंतेजीला बोललो मी. वस्ती वाट पाहून राहिली."

"पाहू द्या."

"लोक काय म्हणतील?"

"माझ्या वेळेस तुमी सांगितलं तवा लोक काहीच म्हणले न्हाईत. अजून म्हणत न्हाईत." प्रेमानंदनं चौकटीला हात टेकला. "मला नोकरी लागली त्या दिवशी तुमी पेढे वाटले न्हाईत, बा. परमनंट सरकारी नोकरी. वस्तीत कुणाचं पोरगं शिपाई झालं तरी अख्ख्या गल्लीत पेढे. आपल्या घरी न्हाई. वाटले असते तर सांगावं लागलं असतं ना, पोरगा क्लार्क झाला म्हणून."

सटवाजीचे हात सदऱ्यावर तसेच राहिले. "मी तुझी इज्जत राखली," तो म्हणाला.

"माझी का तुमची, ते मला आजवर समजलं न्हाई."

मग कमलबाईनं शेवटचं बटण लावलं. "मी म्हणलं होतं पेढे आणा," ती नवऱ्याकडं न पाहता म्हणाली. सटवाजीनं कोपऱ्यातली काठी घेतली, लेकाच्या शेजारून उंबरा ओलांडला आणि विहाराकडं निघून गेला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्याच्या मनात काय चाललंय ते कुणालाच कळलं नाही, आणि संध्याकाळ होईपर्यंत घरात प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत वावरला. खिरीत गूळ दोनदा पडता पडता राहिला.

विहार भरला होता. पांढऱ्या कपड्यांची दाटी मांडवाबाहेर गेली होती. त्रिशरण-पंचशील झालं आणि सपना ग्रंथापुढं बसली. शिलानं तिला वाचताना आजवर ऐकलं नव्हतं. पोरगी एका सुरात वाचत नव्हती. अवघड ठिकाणी थांबायची, वर पाहायची, आणि आपल्या शब्दांत पुन्हा सांगायची. मधेच चंदाबाईनं बसल्या जागेवरून काहीतरी विचारलं आणि पोरीनं बोट पानावर ठेवून तिला सावकाश समजावलं, म्हातारीची मान हलेपर्यंत. आषाढात ऐकायला चार म्हाताऱ्या यायच्या, नीलाबाई शिलाच्या कानात सांगत होती, आणि तिच्या आवाजात इतका वेळ दाबून ठेवलेला अभिमान होता. शिलानं नवऱ्याकडं पाहिलं. तो पुरुषांच्या रांगेत दिगंबरच्या शेजारी बसला होता आणि ऐकत होता.

शेवटचं पान संपलं. सगळ्यांनी तीनदा साधु म्हणत साधुकार दिला. भंतेजींच्या हातून सपनाला पुस्तकं आणि पेन मिळालं. मग सटवाजी उठला. लोक सरसावून बसले, कारण काय सांगायचंय ते सगळ्यांना आधीच माहीत होतं आणि माहीत असलेलं ऐकायला माणसाला जास्त गोडी असते. सपना पुस्तकं छातीशी धरून स्टेजच्या कडेला उभी होती. ती कुणाकडंच बघत नव्हती. शिलाला तिची बोटं दिसत होती, पांढरी पडलेली.

सटवाजीनं जयभीम घातला. तीन महिने वस्तीनं कसं ऐकलं ते सांगितलं. खीर कुणाकडून, मांडव कुणाकडून, ते सांगितलं. मग थांबला. माईकनं शीळ घातली, एका पोरानं धावत जाऊन वायर हलवली.

"आमच्या सपनाबद्दल मी आज काही सांगणार हाय, असं तुमाला वाटत असंल," तो म्हणाला. "भंतेजीला बी मी तसं बोललो होतो. तर सांगतो. पोरगी दहावीला हाय. अभ्यास चांगला हाय. पुढं काय व्हायचं ते ती अजून ठरवून राहिली. ठरलं म्हणजे ती सोता इथं येऊन सांगंल. तोवर तिला कुणी दुसऱ्या नावानं हाक मारू नये."

असली घोषणा वस्तीनं आजवर ऐकली नव्हती. टाळी वाजवायची की नाही हे कुणाला कळेना. सटवाजी माईक खाली ठेवायला गेला आणि पुन्हा तोंडाशी आणला.

"अजून एक. आमचा धाकटा, पिरमानंद, पाटबंधारे खात्यात क्लार्क हाय. परमनंट हाय. मोठी परीक्षा देऊन लागला. हे मी इथं कवाच सांगितलं न्हाई. आज सांगून राहिलो."

तेवढ्यात बायकांतून चंदाबाईचा आवाज आला, चिडका, नेहमीसारखा मोठा.

"आमाला माहीत हाय ते, सटवाजी. लई दिवसापासून माहीत हाय. बसा आता, खीर गार होऊन राहिली."

कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी, आणि मग सगळी वस्ती हसली, बायका पदर तोंडाला लावून, भंतेजीसुद्धा. शिलानं घाबरून नवऱ्याकडं पाहिलं. प्रेमानंद मान खाली घालून बसला होता, त्याचे खांदे हलत होते, आणि दिगंबरनं मळणीनं राठ झालेला हात त्याच्या पाठीवर ठेवला होता. त्यानं तोंड वर केलं तेव्हा डोळे भरून आले होते, आणि तो हसत होता. पंक्तीसाठी पत्रावळ्या मांडायला पोरं उठली, माणसं उठली, गोंधळ झाला.

त्या गोंधळातून वाट काढत सपना शिलापाशी आली आणि खाली बसली. हातातली पुस्तकं तिनं मांडीवर ठेवली, जरा दम घेतला. तिचा चेहरा शिलानं आज दिवसभरात पहिल्यांदाच सैल झालेला पाहिला. खीर वाढणाऱ्या बाईला तिनं अजून वाढा म्हटलं आणि मग काकूच्या कानाशी वाकली.

"काकू," ती म्हणाली, "आता मी नांदेडला आले तर चालंल का?"